भाताच्या रोगातून सापडलेलं वाढीचं द्रव्य

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या फळबाजारात एक फेरी मारली की दोन माल हमखास दिसतात. एकीकडे नाशिक-तासगावकडची बिनबियांची द्राक्षं, दुसरीकडे कोकणातून आलेल्या हापूसच्या हंगामातल्या सुरुवातीच्या पेट्या. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडे गेलात तर खाचरांतून कमरेएवढं, ताठ उभं भात दिसतं. द्राक्षाचा मणी एवढा टपोरा कसा होतो, एक वर्षाआड फळणारा हापूस आता बऱ्याच बागांत दर वर्षी कसा मोहोरतो, आणि लोंब्या भरल्यावरही ते भात आडवं का होत नाही? प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींचा माग काढत गेलं की आपण एकाच द्रव्यापाशी पोचतो. त्याचं नाव जिबरेलिन. सुमारे शंभर वर्षांपूर्वी भाताच्या एका रोगाचं कारण शोधताना ते हाती लागलं.

पिकांच्या रोगांवरचं संशोधन आणि पिकांच्या वाढीवरचं संशोधन हे दोन प्रवाह बराच काळ एकमेकांपासून दूर वाहत होते. ते भाताच्या खाचरात कसे मिळाले हे समजून घ्यायचं, तर आधी रोगांकडे बघावं लागेल.

अठराव्या शतकापर्यंत पीक का रोगट होतं याची उत्तरं हवा, धुकं, ग्रह, दैवी कोप अशी असत. फ्रान्समध्ये मात्यू तिये याने १७५५ साली गव्हाच्या काणीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काणी लागलेल्या ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी भरलेली असते. तियेने जमिनीचे छोटे वाफे पाडले, काहींत निरोगी बी पेरलं, काहींत त्या काळ्या भुकटीत घोळलेलं बी पेरलं. भुकटी लावलेल्या बियांच्या वाफ्यांत काणी कितीतरी जास्त आली. रोग बियांबरोबर येतो हे त्यातून सिद्ध झालं. ती भुकटी मात्र त्याला एक प्रकारचं विष वाटली. ती जिवंत आहे, तिचे कण बीजाणू आहेत आणि ते पाण्यात रुजतात हे बेनेदिक्त प्रेव्होने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १८०७ मध्ये लिहिलं. मोरचुदाच्या अगदी थोड्या अंशानेही ते रुजणं थांबतं, हेही त्याने नोंदवलं. त्या काळच्या विद्वानांनी त्याचं म्हणणं मान्य केलं नाही. कुजलेल्या गोष्टीवर बुरशी येते हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे बुरशी हा रोगाचा परिणाम आहे असाच समज पक्का होता.

हा समज किती महाग पडू शकतो हे १८४५ मध्ये आयर्लंडने पाहिलं. बटाट्याचे वेल काळे पडले, जमिनीतले बटाटे सडले. पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. थंड, ओल्या हवेने बटाट्यात पाणी साचलं आणि तो सडला, असं बहुतेक तज्ज्ञ सांगत होते. माइल्स बर्कली या इंग्लंडमधल्या पाद्र्याने १८४६ मध्ये उलट मत मांडलं: बुरशी आधी येते, सड नंतर. पुरावा यायला आणखी पंधरा वर्षं लागली. जर्मनीच्या आंतोन दे बारीने निरोगी पानांवर त्या बुरशीचे बीजाणू ठेवले आणि पानं ओलसर ठेवली. तिथेच रोग आला. बीजाणू न लावलेली पानं तशाच ओलाव्यात ठणठणीत राहिली. ओलावा लागतोच, पण नुसत्या ओलाव्याने हा रोग येत नाही, हे १८६१ मध्ये कळलं. ज्यात एक गोष्ट वगळता बाकी सगळं सारखं ठेवलेलं असतं अशा जोडप्रयोगाची ताकद यात दिसते. पुढे भाताच्या रोगातही हीच युक्ती कामी आली.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मळ्यांत रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण मारत. केवडा रोगाने सगळीकडची पानं गळाली तेव्हा हे वेल मात्र हिरवे होते. मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेतून ते सुटलं नाही. १८८५ मध्ये त्याने मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि कोकणातला सुपारीवाला आजही ‘बोर्डो’ म्हणतो ते हेच. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी त्याचीच फवारणी होते. आपल्या देशात पिकांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास बिहारमधल्या पुसा इथे सुरू झाला. १९०५ मध्ये तिथे संस्था उभी राहिली. एडविन बटलर बुरशींवर आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय किडींवर काम करत होते. बटलरचा १९१८ सालचा ग्रंथ पुढे अनेक वर्षं इथल्या विद्यार्थ्यांचा आधार होता.

आता वाढीकडे. रोप उजेडाकडे का झुकतं, हा प्रश्न चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसबरोबर अभ्यासला. गवताच्या कोवळ्या कोंबाचं टोक झाकलं तर कोंब वळत नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. म्हणजे टोकातून खाली काहीतरी जातं, असं त्यांनी १८८० मध्ये लिहिलं. ते ‘काहीतरी’ हॉलंडच्या फ्रिट्स वेन्टने ओटच्या कोंबाच्या टोकातून अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यात उतरवून दाखवलं. त्याचं सविस्तर काम १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑक्झिन म्हणून आपण ओळखतो ते हे द्रव्य. वनस्पतींतही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, असतात हे पश्चिमेकडे असं कळलं. त्याच वर्षांत आशियाच्या पूर्व टोकाला दुसऱ्या संप्रेरकाचा शोध चालू होता आणि तो करणाऱ्यांना आपण संप्रेरक शोधतोय याची कल्पनाही नव्हती.

जपानमधल्या भातशेतीत एक जुना रोग होता, ‘बाकाने’. रोपवाटिकेत काही रोपं इतरांपेक्षा एकदम उंच जात. रंग फिकट पिवळसर, काडी बारीक, पेरं लांबच लांब. नवख्या माणसाला ती जोमदार वाटतील. पण लावणीनंतर त्यातली बरीचशी मरत. जी तगत त्यांना फुटवे कमी आणि लोंब्या पोचट. पंजाब-हरयाणातल्या बासमतीत हा रोग आजही येतो. तिकडचे शेतकरी त्याला झंडा रोग म्हणतात, कारण रोगट रोपं बाकीच्यांच्या वर झेंड्यासारखी दिसतात.

हा रोग एका बुरशीमुळे होतो हे शोतारो होरीने १८९८ मध्ये दाखवलं होतं. दुसरं कुणी असतं तर काम इथे संपलं असतं. बुरशी सापडली, आता बियाण्याला औषध लावा आणि पुढे चला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. आपल्याकडे भाताचं बी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतात, तरंगणारं पोचट आणि रोगट बी काढून टाकतात, आणि उरलेलं धुऊन, वाळवून त्याला बुरशीनाशक चोळतात. बियाण्यातून येणाऱ्या रोगांवर हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

पण एक प्रश्न उरत होता. बुरशी लागली की झाड खुरटतं, वाळतं, सडतं. हे झाड उंच का वाढतं?

तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. तिथल्या शेती संशोधन केंद्रात एइइची कुरोसावा काम करत होता. त्याने प्रश्नाचे दोन तुकडे केले. बुरशीचे धागे रोपाच्या आत शिरून त्याला डिवचतात म्हणून ते वाढतं, की बुरशी बाहेर टाकते त्या कुठल्याशा द्रव्याने वाढतं? उत्तर मिळवण्यासाठी त्याने बुरशी पातळ पोषणद्रवात वाढवली. मग तो द्रव गाळून बुरशी पूर्ण काढून टाकली. उरलेला नुसता द्रव निरोगी रोपांना दिला, आणि ती रोपं रोगट रोपांसारखीच ताडमाड वाढली. बुरशीचा एक धागाही त्यांच्यात नव्हता. द्रव उकळत्या पाण्याइतका तापवला तरी त्याचा गुण गेला नाही. म्हणजे काम करणारी गोष्ट जिवंत नव्हती. ते एक रसायन होतं, आणि उष्णतेला टिकणारं होतं. हे १९२६ मध्ये प्रसिद्ध झालं.

वनस्पतिशास्त्रातल्या सुंदर प्रयोगांत मी हा वरच्या रांगेत ठेवीन. लागलं काय? काचेची भांडी, गाळणी, भाताची रोपं. त्यामागचा विचार मात्र अतिशय नेमका होता. रोग आणि रोगाचं लक्षण या दोन गोष्टी सुट्या करता येतात हे त्याने दाखवलं, आणि लक्षणच जास्त मोलाचं निघालं.

द्रव्य वेगळं काढायचं काम तोक्योमध्ये तेइजिरो याबुता याने हाती घेतलं. १९३४ मध्ये त्याला बुरशीच्या द्रवातून स्फटिक मिळाले, पण ते रोपाला दिल्यावर वाढ उलट खुंटली. ते फ्युजॅरिक आम्ल होतं. तीच बुरशी वाढवणारं आणि खुंटवणारं अशी दोन्ही द्रव्यं तयार करते. ती कशावर आणि कशी वाढवली यावर कुठलं जास्त निघेल हे ठरतं. त्यामुळे प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नसत. १९३५ मध्ये त्याने वाढवणाऱ्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं; बुरशीचं शास्त्रीय नाव तेव्हा जिबरेला होतं. १९३८ मध्ये याबुता आणि सुमिकी यांना त्याचे स्फटिक मिळाले.

लेख जपानीत, वर महायुद्ध. बाहेर फारसं कुणी हे वाचलं नाही. १९५० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी तीच बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून जिबरेलिक आम्ल मिळवलं. मग एक मोठा प्रश्न समोर आला. बुरशीच्या या द्रव्याला वनस्पती इतकी ओळख दाखवते, तर ते तिच्यातही असतं का? अमेरिकेत बर्नार्ड फिनीने मक्याच्या जन्मतः बुटक्या रोपांवर ते टाकलं आणि ती साध्या मक्याएवढी उंच झाली. १९५८ मध्ये घेवड्याच्या कोवळ्या बियांतून शुद्ध जिबरेलिन मिळालं आणि शंका मिटली. सगळ्याच झाडांत ते असतं. बाकाने झालेल्या भातात ते भलत्याच प्रमाणात असतं, इतकंच. ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या जातींवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले होते. त्या बुटक्या वाटाण्यातही जिबरेलिन तयार करणारा जनुक बिघडलेला असतो, हे १९९७ मध्ये कळलं.

जिबरेलिन काम कसं करतं? पेशीच्या आत काही प्रथिनं वाढीला अडवून धरतात. त्यांना डेला प्रथिनं म्हणतात. गाडीला लागलेल्या ब्रेकसारखी ती आहेत. जिबरेलिन आलं की पेशी ती प्रथिनं मोडून टाकते, ब्रेक सुटतो, आणि पेराच्या पेशी लांब होत जातात. जिबरेलिन ओळखणारा ग्राहक रेणू पहिल्यांदा सापडला तोही भातातच, २००५ मध्ये, जपानमध्ये.

एवढं लक्षात ठेवलं की वाशीच्या बाजारातल्या गोष्टी उलगडतात.

द्राक्षापासून सुरुवात करू. साध्या द्राक्षात बी असतं आणि ते कोवळं बीच जिबरेलिन पुरवून भोवतालचा गर वाढवतं. थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीत बी सुरुवातीलाच खुंटतं, त्यामुळे मणी आपणहून लहान राहतो. म्हणून बागायतदार बाहेरून ‘जीए’, म्हणजे जिबरेलिक आम्ल, देतो. फुलोऱ्याआधी दिलं तर घड लांबतो आणि मण्यांची दाटी कमी होते. मणी धरल्यावर घड द्रावणात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात. त्या दिवसांत बागेत माणसं हातात भांडी घेऊन एकेक घड बुडवत जातात, फार मेहनतीचं काम आहे ते. द्रावणात जीए मिलिग्रॅमांत मोजण्याएवढंच असतं. नाव ऐकून घाबरणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बियांच्या द्राक्षात हेच काम बी करत असतं.

हापूसची गोष्ट उलटी आहे. आंब्याच्या फांदीच्या टोकाला पालवी फुटणार की मोहोर येणार, हे ठरवण्यात जिबरेलिनचा मोठा हात असतो. ते भरपूर असेल तर झाड पालवीकडे वळतं, कमी झालं तर मोहोराकडे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती खड्डे घेऊन जे ‘कल्टार’ देतात, त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडाला जिबरेलिन तयारच करू देत नाही. पालवी आवरते, मोहोर लवकर आणि दर वर्षी येतो, पेटी लवकर वाशीला पोचते आणि भाव चांगला मिळतो. हे रसायन ट्रायझोल कुळातलं. भुरी या बुरशीच्या रोगावर फवारतात ते हेक्झाकोनॅझोल याच कुळातलं. एकाच प्रकारच्या विकरांना (एन्झाइमांना) ही रसायनं अडवतात, बुरशीत एका कामासाठी आणि झाडात दुसऱ्या. रोगनाशक आणि वाढरोधक असे सख्खे शेजारी आहेत.

इथे मला बागायतदारांची बाजू घेऊन स्पष्ट बोलायचं आहे. पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत बराच काळ राहतं. खत-पाण्याचा हिशेब न ठेवता, झाडाचं वय आणि घेर न बघता दर वर्षी ओतत गेलं तर पेरं आखडतात, पानांचे झुबके होतात, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि झाड थकतं. बाग दोन-चार वर्षांच्या कराराने दिलेली असेल तर हा धोका जास्त, कारण करार संपल्यावर त्या झाडाबरोबर मालकालाच राहायचं असतं. करारात मात्रा लिहून घ्यायला हवी.

आणि भात. आपली जुनी वाणं उंच असत. पेंढा भरपूर मिळे, गुरांना आणि छपराला तो लागेच. पण युरिया दिला की ती आणखी उंच जात आणि दाणा भरायच्या वेळी एका वाऱ्यात लोळत. उपाय मिळाला तैवानच्या एका बुटक्या वाणात. त्यावरून १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर ८ हे वाण दिलं. १९६८ मध्ये आपल्याकडे आलेली जया आणि पुढे कोकणात घरोघर पोचलेली रत्ना यांच्यातही तोच बुटकेपणा आला. मुरबाडला लागून असलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांनी तो आपल्या पावसात आणि जमिनीत रुळवला. हा बुटकेपणा नेमका कशामुळे, हे २००२ मध्ये कळलं. या भातांत जिबरेलिन बनवणारा एक जनुक निकामी असतो. बाकाने रोग एका टोकाला उभा, तर हरितक्रांतीचं भात दुसऱ्या टोकाला. मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हात मार्ग थोडा वेगळा आहे: त्यात जिबरेलिन असतं, पण ब्रेकचं प्रथिन असं बदललेलं असतं की ते मोडतच नाही.

बुटक्या भाताने आपली दुखणीही आणली. दाट फुटवे, खूप नत्र आणि सरसकट फवारणीने मित्रकिडी मेल्यामुळे १९७० च्या दशकात आशियाभर तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं करपवली. युरिया हात राखून टाका असं कृषी सहायक सांगतो, त्यामागे हे आहे.

बाजारातली चौथी गोष्ट म्हणजे आंबा पिकवणं. तीही एका बिघडलेल्या रोपातून समजली. रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेलयुबोव वाटाण्याची रोपं अंधारात वाढवत होता. प्रयोगशाळेतली रोपं आखूड, जाड आणि आडवी वाढत, बाहेरच्या हवेत नीट. दिव्यांसाठी वापरला जाणारा गॅस हवेत मिसळत होता आणि त्यातला इथिलीन नावाचा वायू हे घडवतो, असं त्याने १९०१ मध्ये दाखवलं. पिकणारं फळ स्वतःच इथिलीन सोडतं हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. बंद खोलीत मोजून सोडलेल्या इथिलीनला, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), परवानगी आहे.

इथिलीन आणि जिबरेलिन ही दोन द्रव्यं भातात पुन्हा एकत्र येतात, आणि आपल्या भागाला ते जवळचं आहे. उल्हास, भातसा, काळू यांच्या काठची खाचरं जुलैत पाण्याखाली जातात. रोप बुडालं की त्याने सोडलेलं इथिलीन पाण्यातून बाहेर पडू शकत नाही, आतच साठतं. त्यामुळे जिबरेलिनचा जोर वाढतो आणि रोप पाण्याबाहेर डोकं काढायला झपाट्याने लांबतं. महिनोन्‌महिने खोल पाणी राहणाऱ्या बंगाल-बांगलादेशच्या भागात याच गुणावर भात जगतं. पण आठ-दहा दिवसांच्या पुरात ही धाव अंगाशी येते. साठवलेली साखर संपते आणि पाणी ओसरल्यावर ते लांबट, पोकळ रोप कोसळतं. ओडिशातल्या एफआर १३ए या जुन्या वाणात मात्र एक जनुक आहे, जो पाण्याखाली ब्रेक घट्ट धरून ठेवतो. रोप लांबत नाही, साखर राखतं आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतं. हा जनुक २००६ मध्ये ओळखला गेला. तो घातलेलं स्वर्णा-सब१ हे वाण २००९ मध्ये आपल्या देशात प्रसारित झालं आणि साधारण दोन आठवडे ते पाण्याखाली तग धरतं. त्यामुळे नदीकाठच्या खाचरासाठी बी निवडताना पाणी किती चढतं याच्या बरोबरीने ते किती दिवस राहतं हे विचारायला हवं: आठवड्या-दोन आठवड्यांत उतरत असेल तर थांबून राहणारं भात, हंगामभर हटत नसेल तर लांबणारं.